थाई औषधी पोटलीचा शेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकॉकच्या सहलीहून बॅगेतून आलेली, स्पामध्ये पाठीवर फिरलेली किंवा कुणी भेट दिलेली ही पिवळट कापडी पोटली आता बऱ्याच मराठी घरांत दिसते. बहुतेकांना तिचा वास आवडतो, पण ती वापरायची कशी हे माहीत नसतं. वापरून झाल्यावर तिचं करायचं काय, हे तर त्याहून कमी जणांना माहीत असतं. वाचकांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे सविस्तर आलंय, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाई असेल तर निदान ५, ७ आणि १५ क्रमांकाचे प्रश्न वाचल्याशिवाय पोटली अंगाला लावू नका.

१. ही पोटली म्हणजे नेमकं काय?

थायलंडमध्ये हिला 'लूक प्रखोप' म्हणतात. मांजरपाटासारख्या कोऱ्या सुती कापडात ठेचलेले कंद, पाला आणि कापूर घट्ट बांधायचा आणि वरच्या कापडाची दोरीने मूठ करायची. मग ती वाफवून दुखऱ्या अंगावर दाबत फिरवायची. तिथे साधारणपणे आधी मसाज होतो आणि नंतर हा शेक. थाई मसाजची परंपरा २०१९ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. बँकॉकच्या वाट फो मंदिरात या विद्येचे एकोणिसाव्या शतकातले शिलालेख आहेत आणि १९५५ पासून तिथे शिकवणीही चालते. थाई मसाज करणारे सुरुवातीला ज्याला वंदन करतात तो जीवक म्हणजे राजगृहाचा, बुद्धांचा वैद्य.

२. आत काय काय असतं? वास ओळखीचा वाटतो.

वाटणारच, कारण निम्म्याहून जास्त वस्तू आपल्याला माहीत आहेत. मुख्य घटक प्लाय. हा आल्याच्या कुळातला, आतून पिवळा कंद आहे आणि थाई लोक तो स्नायूदुखीसाठी वापरतात. त्याच्या जोडीला हळद, गवती चहाचे दांडे, मकरूत लिंबाची साल, चिंचेचा पाला, शिकेकाईच्या वेलाचा पाला, मीठ, कापूर आणि भीमसेनी कापूर. आपण शिकेकाईच्या शेंगा केसांना लावतो, थाई लोक तिचा आंबट पाला पोटलीत घालतात. चिंचेच्या आणि शिकेकाईच्या पाल्याने खाज कमी होते आणि कातडी मऊ पडते, असं ते मानतात. मिठामुळे औषध कातडीत नीट उतरतं, असाही त्यांचा समज आहे.

पाकिटावर प्लायचा उल्लेखच नसेल आणि नुसता तीव्र सुगंध येत असेल, तर तो माल शोभेचा समजा.

३. आपल्याकडच्या पोटली शेकापेक्षा ही वेगळी कशी?

फरक उष्णतेच्या प्रकारात आहे. घरी आपण ओवा, मीठ किंवा वाळू तव्यावर तापवून पुरचुंडी बांधतो, तो कोरडा शेक. केरळच्या पाल्याच्या किळीत (किळी म्हणजे तिकडची पोटली) पाला, खोबरं आणि लिंबू तेलात परततात आणि पोटलीही गरम तेलातूनच तापवतात. नवरकिळीत दुधात आणि बलामुळाच्या काढ्यात शिजवलेला तांदूळ असतो. थाई पोटली मात्र वाफेवर तापते आणि तेल न लावता वापरतात. ओली उष्णता कातडीत झपाट्याने उतरते. त्यामुळे आराम लवकर पडतो आणि चटकाही तितक्याच लवकर बसतो. कोरड्या शेकाची सवय असलेल्या हातांना हा अंदाज पहिल्यांदा हमखास चुकतो.

४. खरंच उपयोग होतो, की नुसता छान वास?

आखडलेली मान, कंबर, जास्त चालून भरून आलेल्या पोटऱ्या, थंडीत धरणारे गुडघे यांना बरं वाटतं. थायलंडने ही पोटली आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत, वनौषधींच्या भागात घेतली आहे. गुडघेदुखी आणि स्नायूदुखीवर तिथे अभ्यासही झाले आहेत आणि त्यांत दुखणं कमी झाल्याचं दिसलं. मात्र ते बहुतेक लहान आहेत. शिवाय या उपचारात उष्णता किती काम करते, हाताचा दाब किती आणि वनस्पती किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. माझ्या मते मोठा वाटा उष्णतेचा. म्हणून पोटली कुठल्या कंपनीची यापेक्षा ती नीट तापवली का आणि ती ताजी आहे का, हे जास्त महत्त्वाचं. झिजलेला सांधा यानं भरून येत नाही आणि 'शरीरातली विषं बाहेर काढते' हा दावा जाहिरातीतला आहे.

५. घरी वाफवायची कशी?

मोदकपात्र यासाठी उत्तम. इडलीपात्राच्या तळाशी पाणी घालून वर चाळणी ठेवली तरी चालेल. कुकर वापरायचा तर शिट्टी काढून.

पोटली ताजी, ओली असेल तर तशीच ठेवा. सुकी असेल तर आधी पाण्यात बुडवा, आतपर्यंत भिजली की हलकी पिळा आणि दहा मिनिटं मुरू द्या. सुकीच वाफवली तर वरचं कापड गरम होतं आणि आतला चुरा कोरडा राहतो. पाण्याला उकळी फुटली की पोटली चाळणीवर ठेवा. ती पाण्याला टेकता कामा नये, नाहीतर सगळा अर्क खाली उतरतो. पंधरा-वीस मिनिटं वाफ पुरते. झाकणाच्या आतून स्वच्छ फडकं बांधलंत तर वाफेचं पाणी पोटलीवर ठिबकत नाही.

आता महत्त्वाचं. वाफेतून काढलेली पोटली थेट अंगाकडे न्यायची नाही. आधी ती जाड टॉवेलवर दाबून पाणी टिपून घ्या. भाजण्याचे प्रकार पोटलीपेक्षा तिच्यातून गळणाऱ्या उकळत्या थेंबांनी जास्त होतात. मूठही गरम असते, फडक्यानेच धरा.

शक्यतो दोन पोटल्या ठेवा. एक अंगावर, एक वाफेत. एकच असेल तर दर दोन-तीन मिनिटांनी उठावं लागतं आणि ज्याला शेकतोय तो वैतागतो. कापराची वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून खिडकी उघडी असू द्या.

६. मायक्रोवेव्ह चालतो का?

अडचणीला चालतो. पोटली पूर्ण भिजलेली हवी, बांधायला तार किंवा स्टेपलची पिन नको आणि वरून झाकण हवं. मिनिटभर फिरवून काढा, तपासा, पुन्हा ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये बाहेरून कोमट लागणारी पोटली मध्यभागी उकळती असू शकते, म्हणून काढल्यावर दोन मिनिटं थांबा. सुकी पोटली तशीच कधीही ठेवू नका. आत कापूर आहे आणि तो पेट घेतो.

७. अंगावर कशी फिरवायची? किती गरम असावी?

आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तिथे तीन सेकंद आरामात ठेवता आली तर पुढे जा. शेक घेणाऱ्याच्या अंगावर सुरुवातीला सुती कापड किंवा पातळ टॉवेल पसरा आणि वरून पोटली टेकवा-उचला, टेकवा-उचला, एका जागी न थांबता. पहिली दोन मिनिटं हात हलका आणि चपळ हवा. उष्णता उतरत गेली की कापड काढा, जरा जास्त वेळ टेकवा, दाबा, गोल फिरवा. पोटली जितकी निवेल तितका दाब वाढवायचा. सगळी खुबी या उलट्या प्रमाणात आहे.

मांसल भागावर काम करा. मणका, नडगी, घोटा, खांद्याचं टोक इथे हाडावर कातडी पातळ असते. तिथे पोटली आजूबाजूने फिरवा, वर दाबू नका. गळ्याचा पुढचा भाग वगळा. 'चटका बसतोय' असं समोरच्याने म्हटलं तर 'थोडं सोस' म्हणू नका. कातडी गुलाबी होणं ठीक आहे. लाल चट्टा उठून तसाच राहिला तर थांबायचं आणि त्यावर गार पाणी सोडायचं.

८. स्वतःच स्वतःला शेकता येतं का?

मान, खांदे, मांड्या, गुडघे सहज जमतात. कंबरेसाठी पोटली खाली ठेवून वर झोपण्याचा मोह होतो, तो टाळा. शरीराच्या वजनाने गरम पाणी एकाच जागी पिळून निघतं आणि डोळा लागला तर भाजल्याचं कळतही नाही.

९. किती वेळ आणि किती वेळा?

एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून एकदा किंवा दोनदा. तास-तासभर शेकलं म्हणून फायदा वाढत नाही, कातडी तेवढी कोरडी पडते आणि चक्कर येऊ शकते. भरल्या पोटी नको. नंतर पाणी प्या.

१०. शेक झाल्यावर लगेच अंघोळ केली तर?

थायलंडमध्ये लगेच अंघोळ करू देत नाहीत. कातडीवरचं औषध धुऊन जातं आणि तापलेल्या अंगावर एकदम गार पाणी पडतं, ही त्यांची कारणं. चिकट वाटलं तर ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि अंघोळ काही तासांनी करा. अपवाद एकच: खाज सुटली किंवा पुरळ उठलं तर वाट न बघता कोमट पाण्याने धुऊन टाका.

पोटलीत मकरूत किंवा साध्या लिंबाची साल असते, त्यामुळे शेकलेला भाग धुतल्याशिवाय उन्हात नेऊ नका. लिंबवर्गीय सालीचा रस कातडीवर असताना ऊन लागलं तर काहींना काळे डाग पडतात, फोडही येतात.

११. एक पोटली किती वेळा वापरता येते?

दोन-तीन वेळा, आणि तेही थोड्या दिवसांत. रंग बघा. कापडावर उतरणारा पिवळेपणा फिका पडला आणि वाफवताना वास आला नाही, तर आतलं औषध संपलं. मग ती नुसती गरम चिंधी आहे. आंबूस वास, चिकटपणा, कापडावर काळे किंवा हिरवे ठिपके यांपैकी काहीही दिसलं तर तीनाचा हिशेब करत बसू नका, टाका. 'पुन्हा वाफवली की बुरशी मरते' हे ऐकायला बरं वाटतं, पण बुरशीने तयार केलेली द्रव्यं वाफेने जातीलच असं नाही.

एका पोटलीवर एकाच माणसाचा हक्क. नवरा-बायकोतही वेगळी असू द्या, विशेषतः कुणाला नायटा असेल तर.

१२. वापरून झाल्यावर ठेवायची कशी?

सगळ्यात जास्त पोटल्या इथे वाया जातात. गरम, ओली पोटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये सरकवली की दोन दिवसांत ती आंबते. आधी पिळा. मग मुठीला दोरी बांधून पंख्याखाली किंवा सावलीतल्या वाऱ्यावर टांगा. ती निवून वरून कोरडी झाली की झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन ते पाच दिवसांत संपवा. डबा घट्ट झाकणाचा हवा, नाहीतर दुधाला आणि लोण्याला कापराचा वास लागतो आणि तो चहापर्यंत पोचतो.

फ्रिजमध्ये पोटली फार सुकली असेल तर वाफवण्याआधी पाण्याचा हबका मारा. थायलंडमध्ये काही जण त्यासाठी तांदळाची दारू शिंपडतात. पाण्याने काम भागतं.

१३. न उघडलेली सुकी पोटली किती टिकते? पावसाळ्यात काय करावं?

हवाबंद पाकिटातली पोटली छापलेल्या तारखेपर्यंत. पाकीट उघडलं की दोन शत्रू, दमटपणा आणि हवा. दमटपणाने बुरशी येते आणि हवेने कापूर उडून जातो. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर ती कपाटात उघडी ठेवण्यात अर्थ नाही, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलीत तर बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. बाथरूमच्या फळीवर शोभेला ठेवलेली पोटली मग फक्त शोभेचीच राहते.

१४. चादरीवर, कपड्यांवर पडलेले पिवळे डाग कसे काढायचे?

हळदीचेच डाग आहेत, साबण लावला की लाल होणार, घाबरू नका. धुऊन ओलंच कडक उन्हात घाला. हळदीचा रंग उन्हाने उडतो, दोन-तीन उन्हांत डाग फिका पडतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे जुनी चादर आणि जुना टॉवेल याच कामासाठी वेगळा ठेवणं. कातडीवरची पिवळी झाक एक-दोन अंघोळींत जाते.

१५. कुणी वापरू नये?

ताप असताना कुणीच नाही. उघडी जखम, भाजलेली जागा, इसब, नागीण, पिकलेलं गळू यांवर नाही. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर शेक किंवा मसाज दोन्ही नकोत. ती रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टर. रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं काबूत नसेल तरी आधी विचारा.

मधुमेहाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण घरोघरी मधुमेही आहेत आणि पाय दुखतात म्हणून शेक घ्यायची त्यांनाच जास्त इच्छा असते. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झालेल्या असतील तर चटका कळत नाही. कळतो तो फोड आल्यावर, आणि ती जखम भरायला महिने लागू शकतात. पावलांना बधिरपणा किंवा मुंग्या असतील तर पावलांना ही पोटली लावूच नका. मान, खांदा शेकायचा असेल तर निरोगी माणसाने आपल्या हातावर तपासून, कापडावरूनच शेकावं. अर्धांगवायू झालेले आणि फार वृद्ध लोक यांनाही हेच लागू. 'अजून गरम हवी' असं ते म्हणाले तरी ऐकायचं नाही.

पहिल्यांदा वापरणाऱ्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा भाग शेकून एक दिवस थांबावं. हळद, आलं किंवा कापराची ॲलर्जी असेल तर तिथे कळते.

१६. पाय मुरगळला, लगेच शेकू का?

नको. ताजी सूज, लाली, गरमपणा असताना शेकलं तर सूज वाढते. पहिला दिवस तरी बर्फ आणि विश्रांती. सूज थांबून नुसता ताठरपणा उरला की मग पोटली. पायावर भार टाकताच येत नसेल तर आधी एक्स-रे.

१७. आधी बाम लावला तर जास्त आराम पडतो का?

उलट जास्त आग होते. बाम, दुखण्याचं जेल किंवा तिखट मिरचीच्या अर्काची पट्टी लावलेल्या जागी शेक देऊ नका. अंगाला चिकटवलेला औषधी पॅच असेल तर त्यावर किंवा त्याच्या आसपास मुळीच नाही. उष्णतेमुळे पॅचमधलं औषध एकदम रक्तात उतरू शकतं आणि काही वेदनाशामक पॅचच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं.

१८. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर?

गरोदर असताना पोट, ओटीपोट, कंबर वर्ज्य. कापूर असल्यामुळे बाकीच्या भागासाठीही डॉक्टरांना विचारूनच.

बाळंतपणानंतर शेक घेण्याची पद्धत मात्र थायलंडमध्ये जुनी आहे. आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी आणि धुरी, तशी तिथे बाळंतीण शेकोटीजवळ निजते. त्याला 'यू फाय' म्हणतात. मीठ भरलेलं छोटं मडकं तापवून, पाल्यावर ठेवून, कापडात गुंडाळून पोट आणि कंबर शेकतात. पोटलीही त्याच उपचारांचा भाग. सिझेरियन झालं असेल तर टाका पूर्ण भरून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत पोटाजवळ काही गरम नेऊ नका. टाक्याभोवतीची कातडी बरेच महिने बधिर असते. तिथे १५ मधला धोका तसाच लागू.

दूध उतरावं म्हणून थायलंडमध्ये छातीलाही शेक देतात. तो घेतला तर स्तनाग्र वगळा आणि बाळाला पाजण्याआधी छाती स्वच्छ धुवा, कारण कापूर बाळाच्या तोंडात जाता कामा नये.

१९. लहान मुलांना चालते का?

तान्ह्यांना आणि लहान मुलांना नाही. कापराने लहान मुलांना आकडी येऊ शकते. पोटली त्यांच्या हाती लागेल अशी ठेवूही नका, वास चांगला येतो म्हणून ती चोखली जाते.

२०. घरी बनवता येईल का? प्लाय तर मिळत नाही.

थायलंडमध्ये सहज सापडणारं एक प्रमाण असं: प्लाय ५०० ग्रॅम, चिंचेचा पाला ३००, मकरूतची साल २००, हळद, गवती चहा आणि शिकेकाईचा पाला प्रत्येकी १००, मीठ एक मोठा चमचा, कापूर आणि भीमसेनी कापूर प्रत्येकी दोन मोठे चमचे. कंद धुऊन, ठेचून घ्यायचे. वाटायचे नाहीत, लगदा कापडातून गळतो. दोनशे ग्रॅमची एक धरली तर सहा पोटल्या होतात.

प्लायऐवजी आंबेहळद आणि थोडं आलं घ्या. मुक्या मारावर आंबेहळदीचा लेप आपल्याकडे आहेच. मात्र ती प्लायची जागा पूर्णपणे घेत नाही, आणि आलं जास्त झालं तर आग होते. मकरूतऐवजी ईडलिंबाची साल चालते. शिकेकाईचा पाला नसेल तर चिंचेचा वाढवा. पूजेच्या कापराच्या वड्या मात्र नकोत. त्या जाळण्यासाठी असतात, कातडीला लावण्याच्या शुद्धतेच्या नाहीत. खात्रीचा कापूर मिळाला नाही तर तो वगळा, शेक तसाही होतो.

घरची ओली पोटली त्याच दिवशी वापरा किंवा फ्रिजमध्ये ठेवा, पुढचे नियम १२ प्रमाणे.

२१. स्पामध्ये दिलेली पोटली आधी कुणाला वापरलेली तर नसेल?

विचारायला लाजू नका. नवी पोटली बाहेरून फिकट आणि गाठीशी कोरी असते. आधीच गडद पिवळी, सैल, कडेला तपकिरी झालेली दिसली तर ती दुसऱ्याच्या अंगावरून आलेली आहे. बरेच ठिकाणी उपचारानंतर पोटली ग्राहकाला घरी देतात. ती मागून घ्या. तुम्हाला आणखी एकदा वापरायला मिळते आणि पुढच्या माणसाच्या अंगावर जात नाही.

२२. थायलंडहून किती आणावी? परदेशातल्या मुलीला पाठवता येईल का?

फक्त सुकी, हवाबंद, घटक आणि तारीख छापलेली आणा. ताजी, ओली पोटली म्हणजे कच्चा पाला आणि कंद. विमानतळावर ती अडकू शकते आणि दमट बॅगेत घरी पोचेपर्यंत आंबते. ऑस्ट्रेलियासारख्या देशात वनस्पतीजन्य वस्तू जाहीर करणं सक्तीचं आहे. जाहीर केली तर फार तर ती ठेवून घेतील, लपवली तर मोठा दंड होतो. मुलगी परदेशात असेल तर तिथल्या थाई किराणा दुकानात विचारायला सांगा, बहुतेक मोठ्या शहरांत सुकी पोटली मिळते.